कोवळ्या ग्रहीय तेजोमेघांतलं चुंबकीय क्षेत्र क्ष-किरणांत खरंच दिसतं का?

टिळकवाडी_दुर्बीण
मंडळी, बेळगावातल्या एका विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ते करायचं काम चालू आहे. एका तक्त्याचा मथळा सध्या असा आहे: "चंद्रा दुर्बिणीने कोवळ्या ग्रहीय तेजोमेघांतलं चुंबकीय क्षेत्र टिपलं." (चंद्रा म्हणजे नासाची अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण.) यावर आमच्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो मथळा बरोबर आहे, दुसरा म्हणतो ही थाप आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. सूर्यासारखा तारा म्हातारपणी आपली बाह्य आवरणं टाकून देतो. आत उरलेला तापलेला गाभा त्यांना उजळवतो, तो ग्रहीय तेजोमेघ. तारा गोल असतो, पण तेजोमेघ फुलपाखरासारखे, डमरूसारखे, मुंगीसारखे निघतात. हा आकार चुंबकीय क्षेत्र देतं की जोडीदार तारा, हा वाद जुनाच आहे. चंद्रा १९९९ च्या जुलैत अवकाशात गेली आणि पुढच्या दोनेक वर्षांत बीडी +३०°३६३९, एनजीसी ७०२७, एनजीसी ६५४३ या तेजोमेघांच्या आतला गरम वायू तिने सुटा करून दाखवला. इथवर कुणाचंच दुमत नाही.

प्रश्न असे: क्ष-किरणांतून क्षेत्र मोजता येतं का? येत नसेल तर पुरावा म्हणून नेमकं काय दाखवायचं? आणि चंद्राचा डेटा घरच्या संगणकावर उघडून मुलांना दाखवता येईल का?

मार्कंडेय
मोजता येत नाही. दुसऱ्या तटाचं बरोबर आहे.

आकडे बघा. गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक. एक मिलिगॉस क्षेत्रात झीमान परिणामाने (क्षेत्रामुळे वर्णपटातली रेषा फाकते तो) रेषा सरकते साधारण ५.८×१०^-१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. सहापट आयनित ऑक्सिजनची आपल्या कामाची रेषा ५७४ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. तिथे चंद्राच्या सीसीडीचं पृथक्करण शंभरेक इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि ग्रेटिंग (किरण ऊर्जेप्रमाणे पसरवणारी जाळी) लावलं तरी दीडच्या आसपास. म्हणजे पंचवीस हजार कोटी पटीचं अंतर. उपकरण आदर्श मिळालं तरी सुटका नाही, कारण २० लाख केल्व्हिनला ऑक्सिजनचे अणू स्वतःच सेकंदाला ४५ किलोमीटरने धावतात आणि रेषा ०.०९ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद करून टाकतात.

संकेश्वरी
पंचवीस हजार कोटी! आकडा बजेटातला वाटतोय ओ.

शहापूरची_अक्का
मार्कंडेय म्हणतात ते खरं, पण तेवढ्यावर पाटी पुसू नका. क्ष-किरण क्षेत्राची ताकद सांगत नाहीत, तरी क्षेत्र *असल्याची* खूण सांगू शकतात. ती खूण तापमानात लपलेली आहे.

मधला तारा वेगवान वारा सोडतो. तो जुन्या, संथ आवरणावर आदळला की धक्कालाट बनते आणि वायू तापून आत गरम बुडबुडा तयार होतो. तापमानाचं साधं सूत्र: वारा सेकंदाला १००० किलोमीटर असेल तर १.४ कोटी केल्व्हिन, आणि तापमान वेगाच्या वर्गाने वाढतं. एनजीसी ६५४३ चा वारा १४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेतीन कोटी केल्व्हिन यायला हवं. मोजलेलं आहे १७ लाख. बीडी +३०°३६३९ चा वारा ७०० किलोमीटर, सूत्राने ७० लाख. त्यातही या ताऱ्याच्या वाऱ्यात हायड्रोजन जवळजवळ नाही, कण जड आहेत, म्हणून आकडा दुपटीहून वर जातो. मोजलेलं १७ ते २९ लाख.

मग बाकीची उष्णता गेली कुठं? नेहमीचं उत्तर उष्णतावहन. गरम बुडबुड्यातले इलेक्ट्रॉन बाहेरच्या १० हजार केल्व्हिनच्या थंड कवचात घुसतात, कवचाचा वायू उकळून आत येतो, बुडबुडा निवतो आणि दाट होतो. पण चुंबकीय क्षेत्र असेल तर हे वहन अडतं. क्षेत्र किती लागतं, ते काढून बघा:

बुडबुड्यात दर घनसेंटिमीटरला १०० इलेक्ट्रॉन आणि साधारण तितकेच आयन, तापमान २० लाख धरा. इलेक्ट्रॉन एकदा आदळल्यावर पुन्हा आदळेपर्यंत सुमारे ४ अब्ज किलोमीटर मोकळा धावतो. आता फक्त एक *मायक्रोगॉस* क्षेत्र टाका. तो इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती ५४० किलोमीटर त्रिज्येच्या चकरा मारायला लागतो. कुठं ४ अब्ज आणि कुठं साडेपाचशे! रेषेला आडवा तो जाऊच शकत नाही.

त्याच वायूचा दाब काढा आणि तेवढाच चुंबकीय दाब यायला किती क्षेत्र लागेल ते बघा: सुमारे १.२ *मिलिगॉस*. म्हणजे तेजोमेघाला हाताने धरून आकार द्यायचा तर मिलिगॉस हवेत. उष्णता अडवायला त्याचा हजारावा भागही पुष्कळ. क्ष-किरणांची नजर या दुसऱ्या गोष्टीवर आहे. पाटीवर लिहायचं तर हा फरक आला पाहिजे.

निपाणीकर
अक्कांचं पोरांना असं सांगता येईल: तंबाखूच्या रानात पाणी सरीतून धावतं, वरंबा ओलांडून शेजारच्या सरीत जात नाही. क्षेत्ररेषा म्हणजे सरी. बुडबुड्याभोवती क्षेत्र कड्यासारखं गुंडाळलेलं असेल तर सगळ्या सरी सीमेला समांतर, आणि उष्णता आतच अडकली.

संकेश्वरी
सीमेवरून काय पलीकडं जातं आणि काय अडतं हे आम्हाला शिकवताय होय?

येळ्ळूरगड
विनोद चांगला आहे, पण अक्कांच्या मांडणीत एक भोक आहे. तापमान कमी आहे याचा अर्थ उष्णतावहन *चालू* आहे. मग क्षेत्र नाही, किंवा असलं तरी कामाचं नाही, असा निष्कर्ष निघतो. पॉट्सडॅमच्या स्टेफन, शोनबर्नर आणि वार्मुथ यांनी २००८ मध्ये संगणकावर प्रारूपं चालवली, त्यात उष्णतावहन घातल्यावरच क्ष-किरणांची तेजस्विता निरीक्षणाशी जुळते. क्षेत्राने वहन पूर्ण बंद केलं तर बुडबुडा फार गरम आणि फार विरळ राहतो, दिसेनासा होतो.

शिवाय वहनाविना निवण्याचीही वाट आहे. तोआला आणि आर्थर यांची द्विमित प्रारूपं बघा. कवच फाटतं, रेले-टेलर अस्थिरतेने त्याच्या जिभा आत लोंबतात, गरम-थंड वायू घुसळला जातो आणि मधलं तापमान आपोआप मिळतं. तिसरी वाट आणखी सोपी: ताऱ्याचा वारा आधी हळू होता, पुढे वेगवान झाला. आज दिसणारा गरम वायू त्या जुन्या हळू वाऱ्याचा असेल, तर आजच्या वेगाचं सूत्र त्याला लावायचंच नाही.

शहापूरची_अक्का
येळ्ळूरगड, म्हणूनच एकट्या तापमानावर थांबायचं नाही, *घटक* बघायचे.

बीडी +३०°३६३९ वर चंद्राने कमी ऊर्जेचं ग्रेटिंग लावून ३०० किलोसेकंद (साडेतीनेक दिवस) रोखून धरलं. २००९ मध्ये निकाल आला. गरम वायूत कार्बन-ऑक्सिजन गुणोत्तर सूर्याच्या १५ ते ४५ पट, निऑन-ऑक्सिजन ३ ते ५ पट, लोखंड कमी. हा ताऱ्याच्या पोटातला माल आहे, हीलियम जळून झालेला. बाहेरच्या कवचात हे प्रमाण नाही. आता तुमच्या दोन्ही वाटा घ्या. वहनाने कवच उकळून आत आलं असतं, किंवा जिभा लोंबून घुसळण झाली असती, तर कवचाचा वायू मिसळून कार्बन पातळ झाला असता. तो झालेला नाही. म्हणजे या एका तेजोमेघात तरी सीमा बंद आहे. कशाने बंद आहे याला चुंबकीय क्षेत्र हा सरळ उमेदवार आहे.

येळ्ळूरगड
उमेदवार म्हणा, निवडून आला म्हणू नका. बीडी +३०°३६३९ चं वय हजार वर्षांच्या आतलं. कवच उकळून आत यायला वेळ लागतो. हायड्रोजन नसलेल्या वाऱ्यात तर कार्बनमुळे वायू आधी स्वतःच क्ष-किरण टाकून निवतो. मिसळण *अजून* झालेली नाही एवढंच सिद्ध होतं. तुमची तिसरी अडचण: असा ग्रेटिंगवर्णपट मिळालेले ग्रहीय तेजोमेघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बाकीच्यांत सीसीडीच्या वर्णपटावरून कार्बन मोजणं म्हणजे धुक्यात बसची पाटी वाचणं.

शहापूरची_अक्का
"अजून" हा शब्द मान्य. म्हणूनच कोवळे तेजोमेघ महत्त्वाचे.

अथणी_एक्सप्रेस
मधेच विचारतो. आपला एक्स्पोसॅट उपग्रह १ जानेवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजतो. ध्रुवीकरणातून क्षेत्राची दिशा मिळते असं वाचलंय. त्याला तेजोमेघाकडे वळवलं तर?

मार्कंडेय
तीन कारणांनी नाही. एक: त्याचं पोलिक्स हे उपकरण ८ ते ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये काम करतं आणि आपला तेजोमेघ १ च्या वर जवळजवळ अंधार. २० लाख केल्व्हिन म्हणजे ०.१७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. नासाचा आयएक्सपीई २ ते ८ मध्ये बघतो, त्यालाही हेच लागू. दोन: फोटॉन इतके थोडे की ध्रुवीकरणाची आकडेवारी उभी राहत नाही. तीन, आणि हे मुळाशी आहे: सिंक्रोट्रॉन किरण ध्रुवित असतात, आदळाआदळीने तापलेल्या वायूचे रेषा-किरण नसतात. तेजोमेघाचा वर्णपट रेषांनी भरलेला, निव्वळ औष्णिक. उद्या कुणी ०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा ध्रुवमापी बनवला तरी त्याला दिशा सांगायला तिथं काही नाही.

तुम्ही पुढे विचारणारच म्हणून सांगतो: क्रिझम. जपानचा क्ष-किरण उपग्रह, सप्टेंबर २०२३ चा. त्याच्या कॅलरीमापीचं पृथक्करण फार सुंदर, पण समोरची झडप उघडलीच नाही, त्यामुळे साधारण १.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचं सगळं बंद. कार्बन ०.३७ ला, ऑक्सिजन ०.५७ आणि ०.६५ ला, निऑन ०.९२ ला. आपली सगळी भांडी झडपेच्या मागं.

जांबोटी_घाट
आणि भारताचा ॲस्ट्रोसॅट? सप्टेंबर २०१५ चा. त्याच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीची कक्षा ०.३ ते ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ऊर्जा बरोबर जुळते.

मार्कंडेय
ऊर्जा जुळते, नजर जुळत नाही. त्याची प्रतिमा मिनिटांच्या मापात पसरते आणि बीडी +३०°३६३९ जेमतेम ४ कंससेकंदांचा. तारा, बुडबुडा, शेजारपाजार सगळं एकच ठिपका. चंद्राची धार अर्ध्या कंससेकंदाची, म्हणून तिथे त्याच बुडबुड्यावर आठेक घरं पडतात. युरोपची एक्सएमएम-न्यूटन ही क्ष-किरण दुर्बीण भरपूर फोटॉन गोळा करते, पण तिचीही धार ६ कंससेकंदांच्या आसपास, म्हणून मोठ्या तेजोमेघांनाच बरी.

ॲस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीने मात्र नाव काढलं. २०१८ मध्ये एनजीसी ४० भोवती आणि एनजीसी ६३०२ भोवती आधी न दिसलेला दूर-अतिनील पसारा तिने दाखवला; हायड्रोजन रेणूंचं प्रस्फुरण असावं असा अर्थ लावला गेला. चुंबकीय क्षेत्राशी संबंध नाही, पण प्रदर्शनात भारतीय दुर्बिणीचं चित्र हवंच असेल तर हे लावा.

टिळकवाडी_दुर्बीण
हे नोंदवलं. आता मधल्या ठिपक्याचं सांगा. काही तेजोमेघांत बुडबुडा नसतो, नुसता बिंदू चमकतो. त्याचा क्षेत्राशी काय संबंध?

मार्कंडेय
क्षेत्राचा सगळ्यात धडधडीत पुरावा तिथं आहे, फक्त तो तेजोमेघाच्या क्षेत्राचा नव्हे.

तापलेला गाभा दोन लाख केल्व्हिनचा असला तरी त्याचं ऊर्जामान १७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ०.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर त्याच्या पृष्ठभागाचं काही पोचत नाही. तरी बिंदूतून ०.५ च्या वर फोटॉन आले तर उगम दुसरा शोधायचा. दोन मुख्य संशयित. पहिला, वाऱ्यातल्या अंतर्गत धक्कालाटा, जशा ओ-प्रकारच्या (अतितप्त, भारी) ताऱ्यांत असतात. क्ष-किरण तेजस्विता एकूण तेजस्वितेच्या एक कोटीव्या भागाएवढी. दुसरा, जोडीदार. म्हाताऱ्या ताऱ्याने टाकलेला वायू गिळून जोडीदार गरागरा फिरायला लागतो, फिरण्याने त्याचा डायनॅमो (चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी यंत्रणा) जागा होतो आणि सूर्यासारखा, पण कितीतरी प्रखर कोरोना (तापलेलं बाहेरचं वातावरण) उभा राहतो. अशा ताऱ्याची क्ष-किरण तेजस्विता एकूणच्या हजाराव्या भागापर्यंत जाते. डीएस १, एचएफजी १ आणि लोट्र ५ या तिन्ही तेजोमेघांत मॉन्टेझ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच दाखवलं.

इथं नवशिका फसतो. ५००० सूर्यांएवढ्या गाभ्याचा एक कोटीवा भाग आणि ०.३ सूर्यांएवढ्या जोडीदाराचा हजारावा भाग काढा. पहिला सुमारे २×१०^३०, दुसरा १०^३० अर्ग प्रतिसेकंद. जवळपास सारखेच! नुसत्या तेजस्वितेवरून चोर ठरत नाही. तापमान बघायचं: वाऱ्याच्या लाटा थोड्या लाख ते काही दशलक्ष केल्व्हिन, कोरोना एक कोटीच्या आसपास. आणि मधेच उसळी मारली तर कोरोनाच. लाटा अशा उसळत नाहीत.

जांबोटी_घाट
मेंझेल ३ चं काय, म्हणजे मुंगी तेजोमेघ? २००३ मध्ये कास्टनर, बालिक, ब्लॅकमन वगैरेंनी त्याच्या मध्यात ठासीव स्रोत आणि अक्षाच्या दिशेने झोतासारखं काही सापडल्याचं मांडलं. तिथं चुंबकीय क्षेत्राने आवळलेला झोत म्हणता येईल.

येळ्ळूरगड
झोत म्हटलं की चुंबकीय क्षेत्र आलंच असं धरून चालतात लोक. झोताला सरळ ठेवायला क्षेत्र सोयीचं आहे, मान्य. पण जोडीदाराभोवतीची चकतीच झोत सोडते, आणि मेंझेल ३ च्या मध्यात जोडीदार असल्याचा संशय जुनाच आहे. ब्लॅकमन, फ्रँक वगैरेंनी २००१ मध्ये एकट्या ताऱ्याच्या पोटातल्या डायनॅमोचं प्रारूप मांडलं. सोकर यांचं उत्तर असं की ताऱ्याचं फिरणं त्यात लवकर संपतं, वेग पुरवायला बाहेरून कुणी तरी लागतंच. हेनिझे ३-१४७५ मध्ये झोतातल्या एका गाठीतून क्ष-किरण आले, पण ती आदळण्याची ऊब आहे. झोत कशाने बांधला ते ती सांगत नाही.

शहापूरची_अक्का
झोत क्षेत्राने आवळलेला असल्याचं सरळ मोजमाप एका ठिकाणी आहे, पण ते रेडिओत. डब्ल्यू४३ए हा म्हातारा तारा, २००६, फ्लेमिंग्स, डायमंड आणि इमाई. झोतातल्या पाण्याच्या मेसर-किरणांचं (रेणूंतून निघणारे प्रखर रेडिओकिरण) ध्रुवीकरण. मेसरांची उतरंड पाठ करण्यासारखी आहे: सिलिकॉन मोनॉक्साइड ताऱ्याला चिकटून, क्षेत्र काही गॉस, पाणी त्याच्या बाहेर, शेकडो मिलिगॉसपर्यंत, हायड्रॉक्सिल आणखी बाहेर, मिलिगॉस. धुळीच्या ध्रुवीकरणातून फक्त दिशा मिळते. एनजीसी ६५३७ सारख्या तेजोमेघात ती कंकणासारखी निघाली.

निपाणीकर
मग ताऱ्याच्या पृष्ठभागावर गॉसमध्ये क्षेत्र असेल तर म्हातारा तारा स्वतःच क्ष-किरणांत झळकायला नको?

शहापूरची_अक्का
नेमका तोच प्रयोग झाला. कास्टनर आणि सोकर यांनी एक्सएमएमने टीएक्स कॅम आणि टी कॅस हे दोन म्हातारे तारे बघितले. मेसरवरून क्षेत्र आहे असं वाटत होतं, क्ष-किरण मिळाले नाहीत. दुसऱ्या बाजूला चंद्राने २००३ च्या डिसेंबरात मिरा ताऱ्यावर उसळी पकडली, आणि ती जोडीदाराची नसून म्हाताऱ्या मिराचीच ठरली. तेव्हा क्षेत्र सगळीकडे सारखं पसरलेलं नसून ठिकठिकाणी उसळत असावं. पण न दिसण्यावरून फार निष्कर्ष काढू नका. त्या ताऱ्यांचा वारा इतका दाट की मऊ क्ष-किरण आतच गिळले जातात.

येळ्ळूरगड
पाटी लिहिणाऱ्यांनी आणखी एक प्रकरण लक्षात ठेवावं. २००५ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या फोर्स-१ उपकरणाने चार केंद्रताऱ्यांवर किलोगॉसची क्षेत्रं सापडल्याचं जाहीर झालं. एनजीसी १३६० चा तारा त्यात होता. पुढे नव्या निरीक्षणांत आणि तोच डेटा पुन्हा चाळल्यावर २०११-१२ मध्ये क्षेत्र गायब. मूळ गटाच्या लोकांनीच पुनर्तपासणी छापली, हे कौतुकाचं. पण जुनी पुस्तकं आणि संकेतस्थळं अजून "किलोगॉस" छापतात. तिथून उचलू नका.

टिळकवाडी_दुर्बीण
उचललेलंच होतं, आता काढतो. 🙂 डेटाचं कोण सांगणार?

जांबोटी_घाट
चंद्राचा जुना डेटा फुकट आहे, नाव टाकून शोधा. बीडी +३०°३६३९ पासून सुरुवात करा, त्यात फोटॉन भरपूर. एनजीसी ७०२७ च्या पहिल्या निरीक्षणात जेमतेम काही शे, मुलं कंटाळतील.

सियाओ हे चंद्राचा डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर लिनक्स किंवा मॅकवर कोंडाने (सॉफ्टवेअर बसवायचं साधन) बसतं. विंडोजवर आत लिनक्स घालून. त्याच्याबरोबर कॅलिब्रेशनचा संच, तो काही जीबी आहे, रात्री लावून ठेवा आणि वीज जाणार नाही अशी आशा करा.

पहिली पायरी चंद्रा_रिप्रो, म्हणजे डेटा नव्या कॅलिब्रेशनने पुन्हा तयार करणारी आज्ञा. ती चुकवू नका, संग्रहातली तयार फाइल जुन्या कॅलिब्रेशनची असते. मग डीएमकॉपीने ०.३ ते २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट कापून घ्या. वर निव्वळ पार्श्वभूमीचा कचरा. पिक्सेल ०.४९२ कंससेकंदांचा, पण दुर्बीण डोलत असते म्हणून त्याच्या चौथ्या भागाचा बिन चालतो. तसं केलं की चार कंससेकंदांचा बुडबुडा चौकटीचौकटींचा न दिसता बुडबुड्यासारखा दिसतो. डीएस नाइन या प्रतिमा बघायच्या प्रोग्रॅममध्ये लॉग मापनी लावा.

मधला तारा वेगळा काढायचा असेल तर चार्ट आणि मार्क्स या प्रोग्रॅमांपैकी किरणमार्ग चार्टने आणि प्रतिमा मार्क्सने बनवून वजा करायची.

संकेश्वरी
मार्क्स वजा केल्यावर काय उरतं हे बंगालमध्ये विचारा.

जांबोटी_घाट
😄 पुढे वर्णपट. वर्णपट काढणाऱ्या स्पेकएक्स्ट्रॅक्टमध्ये पसरलेल्या बुडबुड्यासाठी वेट होय आणि करेक्टपीएसएफ नाही. बिंदूसाठी नेमकं उलटं. हे उलटंपालटं झालं तर प्रवाह चुकतो आणि कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. पार्श्वभूमीचा तुकडा त्याच चिपवर, तेजोमेघापासून लांब घ्या. शेर्पा किंवा एक्सस्पेक या फिट करायच्या प्रोग्रॅममध्ये टीबीएब्स (शोषण) गुणिले व्हीएपेक (गरम वायू). फोटॉन थोडे असतील तर काय-स्क्वेअर नको, सी-स्टॅट वापरा; काय-स्क्वेअर थोड्या फोटॉनांत उत्तर एका बाजूला ओढतो.

निपाणीकर
एवढं डोक्यावरून गेलं. दुर्बिणीतून डोळ्याने यातलं काय दिसतं आपल्याकडून?

येळ्ळूरगड
हंस तारकासमूहातले दोन्ही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी ७ ला एनजीसी ७०२७ बेळगावातून माथ्यावर उत्तरेला, क्षितिजापासून ६४ अंश. बीडी +३०°३६३९ ७५ अंशापर्यंत चढतो, पण तेव्हा तो पश्चिमेला कललेला. तोवर खानापूरकडचा पाऊस बहुधा सरलेला असतो. चिकोडीकडं मात्र गाळप सुरू झालं की क्षितिज मळतं.

८ इंची आणि २०० पट. एनजीसी ७०२७ निळसर-हिरवा लांबोडका ठिपका. ऑक्सिजन-३ फिल्टर डोळ्यासमोर आतबाहेर केला की शेजारचे तारे विझतात आणि तो तसाच राहतो. बीडी +३०°३६३९ ला ही युक्ती लावू नका. त्याची उत्तेजना कमी आहे, दोनदा आयनित ऑक्सिजनची हिरवी रेषा त्यात फार क्षीण. फिल्टर लावताच तोही विझतो आणि माणूस भलत्याच ताऱ्याकडं बघतोय असं समजून शोधत बसतो. मांजराक्ष एनजीसी ६५४३ आपल्याकडून फक्त ३९ अंश, मेंझेल ३ तर २२. त्यासाठी दक्षिणेचं क्षितिज मोकळं हवं.

टिळकवाडी_दुर्बीण
मथळ्यावर येतो. नवा मसुदा: "क्ष-किरणांतून चुंबकीय क्षेत्राच्या खुणा: तीन संशयित." खाली तीन रकाने: न मिसळलेला गरम बुडबुडा, मधला कडक बिंदू, झोत. प्रत्येकाखाली "दुसरं स्पष्टीकरण" अशी ओळ. चालेल?

शहापूरची_अक्का
चालेल. पहिल्या रकान्यात मायक्रोगॉस आणि मिलिगॉस दोन्ही लिहा, मोठ्या अक्षरात. आणि हेही टाका की चंद्राच्या पाहणीत, आधी ३५ आणि मग एकूण ५९ तेजोमेघ, पसरलेले क्ष-किरण मिळाले ते सगळे लहान, दाट, कोवळ्यांतून. म्हातारे बुडबुडे फुटून जातात.

येळ्ळूरगड
दुसऱ्या रकान्यात "जोडीदाराचं क्षेत्र" असं स्पष्ट. नाहीतर लोक ते तेजोमेघाचं समजणार.

अथणी_एक्सप्रेस
जांबोटी अण्णा, पायऱ्या करून बघतोय. बीडी +३०°३६३९ ला मधला शोषक हायड्रोजन दर चौरस सेंटिमीटरला १०^२२ अणूंच्या वर येतोय आणि तापमान १० लाखांच्या खाली. फिट मात्र देखणी बसतेय.

जांबोटी_घाट
देखणी बसते हीच मेख. शोषण वाढवा, तापमान उतरवा, वक्र तोच राहतो. दोन गोष्टी तपासा. चंद्राच्या सीसीडीपुढच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं मळ साचतोय आणि कमी ऊर्जेचे फोटॉन खातोय. कॅलिब्रेशन संच जुना असेल तर तो मळ आकाशातल्या हायड्रोजनच्या नावावर जातो. मळ कमी असलेली २००० च्या आसपासची निरीक्षणं घ्या. दुसरं, शोषण मोकळं सोडू नका. दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या तांबड्या आणि निळ्या रेषांचं गुणोत्तर २.८६ असायला हवं, त्याहून जितकं जास्त तितकी धूळ. त्यावरून विलोपन (धुळीने प्रकाश किती प्रतींनी मंदावला ते) काढा, दर एका प्रतीला सुमारे २×१०^२१ धरा आणि तिथं खिळा ठोका. या तेजोमेघाला २ ते ३×१०^२१ च्या आत यायला हवं. मग कार्बन आणि निऑन मोकळे सोडा, ऑक्सिजन धरून ठेवा.

एनजीसी ७०२७ ला ही युक्ती अर्धीच चालते, त्याच्या आतली धूळ सगळीकडे सारखी नाही. तिथं वायव्येचा भाग वेगळा कापून फिट करा.